वाऱ्यात टिकणारा अंबाडा

दार ढकलून तो आत आला, तेव्हा त्याची जड पावलं ऐकून तिने मान वर न करताच सांगून टाकलं, "पुरुषांचं दुकान शेजारी."

"ते माहीत आहे," तो म्हणाला. "मी ट्रायलला आलोय."

"कसली ट्रायल?"

"अंबाड्याची. नवरीच्या… आज सकाळची वेळ दिली होती ना तुम्ही?"

आता मात्र तिने हातातल्या पिना खाली ठेवल्या आणि वर पाहिलं. उंचापुरा माणूस, उन्हाने रापलेला, डोक्यावर विणलेली टोपी, आणि चेहरा दात काढून घ्यायला आल्यासारखा. त्याच्या मागून एखादी मुलगी आत येईल म्हणून ती क्षणभर थांबली. दार आपोआप लागलं. मागून कुणीच आलं नाही.

"नवरी कुठे आहे?"

"नवरी म्हणजे…" त्याने घसा साफ केला. "सध्यापुरती मीच."

कोपऱ्यात टॉवेलांच्या घड्या घालत बसलेली तिची मावशी फस्सकन हसली. पार्लर मावशीचं, त्यामुळे तिथे हसण्यावर पहिला हक्क मावशीचा. ती पोट धरून हसत असतानाच त्याने टोपी काढली, आणि मावशीचं हसू जागच्या जागी थांबलं. टोपीखालून केस सुटले ते थेट पाठीपर्यंत आले. काळेभोर, दाट, सरळ. असे केस मिळावेत म्हणून बायका कुठल्या कुठल्या बाटल्या डोक्यावर रिकाम्या करतात, आणि हा माणूस ते टोपीत कोंबून गावभर हिंडत होता.

"ताईचं लग्न आहे," तो घाईघाईने सांगू लागला. "ती लांबच्या शहरात नर्स आहे. रजा मिळालीय ती लग्नाच्या आदल्या दिवसापासून, मग ट्रायलला येणार कधी? म्हणाली, तूच जा. आमच्या घरात सगळ्यांचे केस एकाच जातीचे. आईचे, तिचे, माझे. दिसायला गरीब, पण एक पिन धरतील तर शपथ! आतेबहिणीच्या लग्नात ताईचा अंबाडा जेवणाआधीच मानेवर आला होता. सगळ्या फोटोंत ती डोकं धरून उभी आहे."

"आणि तुमचे एवढे वाढले कसे?"

"पैज. ताई एकेक स्थळ नाकारत सुटली होती. मी म्हटलं, तुझं ठरेपर्यंत मी केस कापणार नाही. मला वाटलं, दोन-चार महिन्यांचा प्रश्न असेल…" त्याने केसांचं टोक हातात धरून दाखवलं. "ताईने सावकाश घेतलं."

तिला हसू आलं. यायला नको होतं, पण आलं.

लग्न नदीच्या पलीकडे, उघड्या मैदानावर होतं. सकाळी बोटीतून तिकडे जायचं, दिवसभर वाऱ्यात उभं राहायचं आणि रात्री बोटीतूनच परत यायचं. हा स्वतः त्याच बोटीवर कामाला होता. धक्का आला की दोर फेकायचा, बांधायचा, सोडायचा. दिवसभर वारा खायचा. ताईचा हिशेब सरळ होता: भावाच्या डोक्यावर टिकला तर आपल्या डोक्यावरही टिकेल.

तिला गावात सगळे अंबाडेवाली म्हणत. तिने घातलेला अंबाडा नवरीने स्वतः सोडल्याशिवाय सुटत नाही, अशी तिची ख्याती होती. नवऱ्या नाचल्या, रडल्या, मिठ्या मारून मारून दमल्या, एक तर चक्क जिन्यावरून घसरली, पण अंबाडा म्हणून हलला नाही. तिच्या हाताखालून इतक्या नवऱ्या गेल्या होत्या की मावशी म्हणायची, "जगाची लग्नं लावून झाली, आता जरा स्वतःच्या डोक्याचं बघ." ती हसून सोडून द्यायची. तिला लग्नाचं वावडं नव्हतं. ज्याच्यासाठी आरशात दुसऱ्यांदा बघावं असं कुणी भेटलंच नव्हतं, एवढंच.

"बसा," ती म्हणाली. "केस कधी धुतलेत?"

"आत्ताच! दोनदा. म्हटलं, तुमच्यासमोर नीट जावं."

"तिथेच घोळ केलात. आजचे धुतलेले केस निसरडे असतात, पिन बसत नाही. नवरीने आदल्या दिवशीच न्हायचं. ताईला सांगा."

"म्हणजे मळकाच यायला हवं होतं?"

"थोडेसे," ती म्हणाली, "चालला असतात."

तिने आधी केसांवर फवारा मारला, मग डोक्याचे भाग पाडले. अंबाडा टिकतो तो वरच्या सजावटीने टिकत नाही, आतल्या पायाने टिकतो. मधल्या केसांची घट्ट शेपटी बांधायची, मुळाशी केस उलटे विंचरून गादी करायची, बाकीचे केस त्या गादीभोवती फिरवायचे, आणि पिन खुपसताना आधी उलटी घालून मग वळवायची, एकीवर एक, कात्रीसारखी. हे सगळं ती झोपेतही करू शकली असती. आज मात्र हात जरा सावकाश चालत होते. तिच्या बोटांखाली एक पुरुष मान ताठ करून, श्वास रोखून बसला होता, आणि आरशातून तिच्याकडे बघत होता.

"समोर बघा," ती म्हणाली.

"समोरच बघतोय. समोर तुम्हीच दिसताय."

मावशीने टॉवेलाची तीच घडी तिसऱ्यांदा घातली.

काम संपलं तेव्हा तिने हातातला आरसा त्याच्या मागे धरला. त्याने डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "सुंदर दिसतेय हो मी!"

"दिसताय खऱ्या," ती म्हणाली आणि कंगवे उगाचच आवरायला लागली.

तो तसाच, डोक्यावर नवरीचा अंबाडा घेऊन, भर बाजारातून धक्क्याकडे चालत गेला. लोक थांबून बघत होते. तो सगळ्यांना हात करत होता. तीही दारात उभी राहून, तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिली. कशासाठी, असं मावशीने विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वाऱ्याने हलतोय का ते बघत होते." बाहेर वारा औषधालाही नव्हता.

दोन दिवसांनी तो परत आला. टोपी पुन्हा डोक्यावर, हातात पत्र्याची छोटी डबी.

"सुटला," तो म्हणाला.

"काय सुटला?"

"अंबाडा. शेवटच्या फेरीला. वाराच तसा होता… या तुमच्या पिना."

तिचा अंबाडा, आणि सुटला? तिने डबी घेतली, बाजूला ठेवली आणि मुकाट्याने खुर्चीकडे बोट दाखवलं. आज तिने जास्त जोर लावला. तो "आई गं" म्हणाला तेव्हा तिने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

"रागावलात?"

"तुमच्यावर कशाला रागावू? तुमच्या केसांवर रागावलेय."

"ते आमच्या घराण्यातच आहे. लवकर कुणाला बधत नाही आम्ही." मग जरा थांबून, "एकदा बधलो की मात्र…"

"की मात्र काय?"

"मान हलतेय माझी," तो म्हणाला. "बोलताना हलू नका असं तुम्हीच सांगितलंय."

बोलता बोलता तिला कळलं की ताईचं लग्न झालं की आठवड्याने तो निघणार होता. मालवाहू जहाजावर नोकरी लागली होती. वर्षभर पाण्यावर, कदाचित जास्तच. नदीतल्या बोटीवर दोर ओढून ओढून कंटाळा आला होता, समुद्र बघायचा होता. हे सगळं तो लहान मुलासारखा उत्साहाने सांगत होता, आणि तिच्या बोटांतली पिन तिच्याच अंगठ्यात रुतली.

"कुणी वाट बघणारं नाही वाटतं मागे?" तिने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवून.

"आई आहे."

"आई सोडून म्हणतेय मी."

आरशात त्याने तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "अजून तरी तसं कुणी म्हणालेलं नाही," तो म्हणाला.

खरं तर बोलायची जागा तीच होती. तिने फवाऱ्याची बाटली उचलली आणि म्हणाली, "डोळे मिटा." डोळे मिटलेल्या त्या चेहऱ्याकडे तिने मनसोक्त पाहून घेतलं. भुवईवरचा जुना व्रण, ओठांच्या कोपऱ्यात दडवलेलं हसू, उन्हाने सोललेलं नाक. फवारा मारायचा राहूनच गेला.

"उघडू?" त्याने विचारलं.

"थांबा जरा," ती म्हणाली.

तो पुन्हा आला तेव्हा पुन्हा तेच. "सुटला." आणि पुन्हा तीच पत्र्याची डबी.

या वेळी ती डबी तिने उघडली. आणि तिथेच तिला सगळं समजलं.

आपोआप सुटलेला अंबाडा पिना गिळतो. अर्ध्या वाऱ्यावर जातात, चार-दोन कॉलरमध्ये सापडतात, उरलेल्या वाकड्यातिकड्या होऊन केसांत अडकून बसतात. या डबीत मात्र तिने खोवलेली प्रत्येक पिन होती. सगळ्या सरळ, सगळ्या एका दिशेने तोंड करून निजवलेल्या. अशा पिना वारा काढत नाही. अशा पिना कुणीतरी निवांत बसून, एकेक करून, जपून काढलेल्या असतात. बाबा रे, चोरी करायची तर निदान चार पिना नदीत तरी टाकायच्या होत्यास!

तिने वर पाहिलं. तो छताकडे बघत होता. कान लाल झाले होते.

तिने विचारायला हवं होतं. "का सोडलास?" एवढाच प्रश्न, आणि गोष्ट तिथेच संपली असती, किंवा तिथेच सुरू झाली असती. पण विचारलं तर पुन्हा यायचं त्याला कारण उरलं नसतं. तिने डबीचं झाकण लावलं.

"कमाल आहे," ती म्हणाली. "मग आता परवा या. या वेळी वेगळ्या पद्धतीने घालून बघते."

"परवा…" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला दुसरीकडे बघावं लागलं. "नक्की येतो. तुला—तुम्हाला त्रास होतोय खरा."

"तुला म्हटलंस तरी चालेल," ती म्हणाली. "डोकं माझ्या हातात देऊन बसतोस, आता काय राहिलंय?"

तो गेल्यावर मावशीने चष्मा कपाळावर चढवला. "हा पोरगा केसाने गळा कापणार तुझा."

"अंबाडा सुटतोय त्याचा. मी काय करू?"

"तुझा अंबाडा? सुटतोय?" मावशी म्हणाली. "मला शिकवू नकोस, तुला मी शिकवलंय."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच. 'परवा' उजाडायच्या आधी, दुसऱ्याच दिवशी पार्लरचं दार उघडलं आणि आत आली ती त्याची आई. ठसठशीत बाई, पाठीवर तीच दाट, सरळ वेणी, आणि बोलणं रोखठोक.

"तू चांगली मुलगी आहेस, असं सगळे सांगतात," ती म्हणाली. "तुझा अपमान करायला आलेली नाही मी. पण दोनदा घातलास आणि दोनदा सुटला. माझी मुलगी एका लग्नात डोकं धरून उभी राहिली, स्वतःच्या लग्नात मी तिला तसं उभं राहू देणार नाही. मी बाजारातल्या दुसऱ्या पार्लरला सांगितलंय. राग मानू नकोस."

अंबाडा सुटलेला नाही, तो तुमच्या मुलाने सोडलाय, असं सांगणं सोपं होतं. पण मग पुढचा प्रश्न आलाच असता, का सोडला? त्याचं उत्तर त्याने अजून स्वतः दिलं नव्हतं, आणि ते त्याच्या आईला तिने कोणत्या तोंडाने द्यायचं? ती फक्त "बरं" म्हणाली. बाई गेल्यावर ती मागच्या खोलीत जाऊन रडली. अंबाडा बदनाम झाला म्हणून रडतेय, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं कारण होतं ते 'परवा'. आता तो येणार नव्हता.

पण तो आला. ठरलेल्या 'परवा'लाच, अगदी सकाळी, आईला हाताला धरून.

"आईने काल काय केलं ते मला रात्री कळलं," तो दारातूनच म्हणाला. "एकदा घाल. फक्त एकदा. आई स्वतः बघेल."

"मी बोटीवर बसणार," आईने जाहीर केलं. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत. याच्या डोक्यावरून नजर हलवणार नाही. आणि तूही चल गं. सुटला तर कुठून सुटला ते तुलाही दिसेल."

तिने अंबाडा घातला. नेहमीसारखाच, वेगळी पद्धत वगैरे काही नव्हतीच. आरशात त्याने एकदाच तिच्याकडे पाहिलं, त्या नजरेत 'चुकलं माझं' होतं, आणि तिने हळूच त्याच्या खांद्यावरचा नसलेला केस झटकला.

मग सुरू झाली ती फेरी. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आई मधल्या बाकावर हातावर हात ठेवून, परीक्षेतल्या मास्तरणीसारखी. शेजारी अंबाडेवाली. समोर, बोटीच्या नाकाडावर, अंबाडा घातलेला तो, हातात दोराचं वेटोळं घेऊन. नदीवरचा वारा त्या दिवशी अगदी ईर्ष्येला पेटला होता. एका म्हाताऱ्याची टोपी गेली, एका बाईची छत्री उलटी झाली. प्रत्येक फेरीत नवे लोक चढत आणि तेच जुने विनोद करत. "काय रे, मुहूर्त कधीचा?" "नवरीमुलीला दोर ओढायला लावलाय, काय हे सासर!"

"सासरच्यांनी अजून होकार कुठे दिलाय!" तो ओरडून सांगे आणि तिच्याकडे बघायचं टाळी.

तिला मात्र टाळायची गरज नव्हती. तिला तर त्याच्या डोक्याकडे बघायला मुद्दाम बसवलं होतं. तिने दिवसभर पाहिलं. दोर फेकताना ताणलेले खांदे, वाऱ्याने फुगलेला सदरा, धक्का जवळ आला की आधी पाय पुढे टाकून मारलेली उडी. आठ-पंधरा दिवसांत हा माणूस या बोटीवर नसेल, दुसरा कुणी दोर बांधत असेल, हे पुन्हा पुन्हा तिच्या मनात येत होतं. माणूस समोर असताना त्याची आठवण येते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

ऊन कललं. शेवटची फेरी इकडच्या धक्क्याकडे निघाली. आई उठली, लेकाजवळ गेली, अंबाड्याला बोट लावलं, मग दोन बोटांनी हलवून पाहिलं, मग चांगला मुठीत धरून ओढला.

"आई! मुळापासून येईल!"

"जागचा हलत नाहीये," आई म्हणाली. तिच्या आवाजात नवल होतं, आणि मग हळूहळू संशय आला. "मग आधी दोनदा कसा सुटला?"

त्याने धक्क्याकडे पाहिलं.

"मी काय विचारतेय?"

"सुटला नव्हता," तो म्हणाला. "मी सोडला."

बाकांवरची डोकी वळली.

"तू सोडलास? दोन्ही वेळा? अरे, पण का?"

त्याने दोर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "परत हिच्याकडे जायला मिळावं म्हणून," तो म्हणाला. अख्ख्या बोटीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने, कारण इंजिनाच्या आवाजात याहून हळू काही सांगताच येत नव्हतं.

कुणीतरी शीळ घातली. आई मात्र हसली नाही. ती वळली आणि तिच्याकडे बघत म्हणाली, "आणि तुला कळलं नाही? एवढी कारागीर तू, तुझ्याच हातचा अंबाडा कुणी सोडला की सुटला, ते तुला ओळखू आलं नाही?"

सगळी बोट तिच्याकडे बघत होती. तोही. त्याच्या डोळ्यांत एवढी आशा होती की तिला ती सोसवेना. 'कळलं होतं. दुसऱ्याच वेळी कळलं होतं.' बस, इतकंच तर म्हणायचं होतं. पण चारचौघांत एकदम मनाला हात घातला की माणूस आधी मूठ झाकतो. तिनेही झाकली.

"नाही," ती म्हणाली. "मला कसं कळणार?"

त्याने मान हलवली. जणू कुणी त्याला धक्का आल्याची खूण केली होती. मग खरंच धक्का आला आणि तो दोर घेऊन उडी मारून निघून गेला. ती उतरताना त्याने हात पुढे केला. "सांभाळून," तो म्हणाला. "फळी ओली आहे. पडाल… तुम्ही."

तो 'तुम्ही' तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिला.

लग्नाच्या दिवशी तिने ताईचा अंबाडा घातला. काम तिला परत मिळालं होतं; आईने स्वतः येऊन, पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं. ताई नवरीसारखी लाजणारी नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, "मी केस कालच धुतलेत. तुमचा निरोप पोहोचला. बाकीचे निरोपही पोहोचले."

"बाकीचे कुठले?"

"बोटीवरचे." ताईने आरशात तिच्याकडे रोखून पाहिलं. "तो बोलत नाही त्यावर. आमचा तो, जो झोपेतही बोलतो, तो चार दिवस घरात मुका बसलाय. काल म्हणाला, ताई, मी उगाच त्या मुलीला सगळ्यांसमोर अडचणीत आणलं, तिच्या मनात काहीच नव्हतं." ताई थांबली. "नव्हतं ना?"

तिच्या दातांत पिना धरलेल्या होत्या. पिना दातांत असताना बोलता येत नाही, ही त्या धंद्यातली मोठीच सोय आहे.

अंबाडा टिकला. बोटीत टिकला, मैदानावर टिकला, ताई मैत्रिणींबरोबर नाचली तेव्हाही टिकला, सासूने कवटाळलं तेव्हाही टिकला. एका केसालाही धक्का लागला नाही. लोक येऊन तिची स्तुती करत होते आणि तिचं लक्ष दुसरीकडेच होतं. तो पाहुण्यांना उतरवून घेत होता, खुर्च्या मांडत होता, म्हाताऱ्यांना हात देत होता. केस साधेच मागे बांधले होते. एकदा गर्दीत दोघं समोरासमोर आले. तो बाजूला झाला, तीही त्याच बाजूला झाली. तो दुसरीकडे झाला, तीही दुसरीकडे. कुणीतरी हसलं. दोघं हसले नाहीत.

"छान झालाय ताईचा," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"तुम्ही जेवलात?"

"हो… म्हणजे नाही. जेवेन."

एवढंच. मग कुणीतरी त्याला हाक मारली आणि तो गेला. 'थांब' हा शब्द तिच्या जिभेवर होता, तिथेच विरला. संध्याकाळी बोटीतून परतताना ती मागच्या बाकावर बसली, कारण पुढे तो उभा होता.

त्याच्या जायच्या आदल्या दिवशी पार्लरचं दार उघडलं. डोक्यावर टोपी नव्हती. केस मोकळे होते.

"जहाजाचा नियम आहे," तो म्हणाला. "केस कानावर येता कामा नयेत. मला माहीत आहे, तुम्ही पुरुषांचे कापत नाही. पण दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायला मन होईना."

मावशी उठली. "मी जरा दूध बघून येते," ती म्हणाली. पार्लरमध्ये दूध कुठेच नव्हतं. पण मावशी गेली ती गेलीच.

ती कात्री घेऊन मागे उभी राहिली. ते केस तिने एकदा बोटांनी पूर्ण विंचरून घेतले, मुळापासून टोकापर्यंत, अगदी सावकाश. त्याने डोळे मिटले होते. मग कात्री चालली. पहिली लांब बट जमिनीवर पडली. मग दुसरी. उजवी बाजू संपवून ती मागे वळली. उद्या या वेळी हा कुठे असेल, हे तिला माहीत नव्हतं. वर्षभर एका मोठ्या पाण्यावर हा माणूस मनात एकच गोष्ट धरून बसणार होता: तिच्या मनात काहीच नव्हतं. आणि ती गोष्ट खोटी आहे हे या जगात फक्त तिला माहीत होतं.

तिने कात्री खाली ठेवली.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

त्याने डोळे उघडले.

"दुसऱ्याच वेळी. तुझी डबी उघडली तेव्हा. एकही पिन हरवली नव्हती, एकही वाकली नव्हती. आंधळीलासुद्धा कळलं असतं. आणि तरी मी तुला परवा बोलावलं, कारण…" ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. "कारण मलाही तू यायला हवा होतास. त्या दिवशी बोटीवर मी खोटं बोलले. घाबरले मी. तेवढ्या लोकांत… पण तुझ्याकडे बघून खोटं बोलायला नको होतं."

तो उठलाच खुर्चीतून. अर्धे केस कापलेले, अर्धे पाठीवर, गळ्यात पांढरं कापड. असं ध्यान तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आणि तिला ते इतकं आवडलं की ती हसायला लागली, रडता रडता.

"हे आज सांगतेस?" तो म्हणाला. "उद्या मी जातोय. आणि तेही अर्धं डोकं कापून झाल्यावर?"

"आधी सांगितलं असतं तर तू हलला असतास. कान कापला गेला असता."

"कापू दिला असता!" त्याने तिचे दोन्ही हात धरले. त्याचे तळवे दोराने खरखरीत झाले होते, तिचे फवाऱ्याने चिकट. "मी नाही जात. सांगून टाकतो त्यांना."

तिला एक क्षण वाटलं, म्हणावं 'नको जाऊस'. पण समुद्राबद्दल बोलताना त्याचा चेहरा कसा झाला होता, तेही तिने याच आरशात पाहिलं होतं.

"जा," ती म्हणाली. "मी थांब म्हणून सांगत नाहीये. परत ये म्हणून सांगतेय. मागे वाट बघणारं कुणी आहे का, असं कुणी विचारलं तर आता आईशिवाय आणखी एक नाव सांग."

मग हळूहळू त्याच्या ओठांच्या कोपऱ्यात ते दडवलेलं हसू आलं, आणि त्याबरोबर डोळेही भरले.

"पण मग परत आल्यावर मी इथे येऊ कसा?" तो म्हणाला. "ताईचं लग्न झालं. डोक्यावर अंबाडा घालायला केस उरले नाहीत. काय कारण काढून येऊ?"

तिने त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, गळ्यातलं कापड नीट केलं आणि कात्री हातात घेतली.

"कारण नको आता," ती म्हणाली. "नुसता ये. आणि मान खाली घाल बघू, मागचे राहिलेत."